रायफलची नळी झिजली तर घरी बदलता येते का? भोसरीतल्या लेथवाल्यांनीही हे वाचायला हवं

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही गाळ्यात जा आणि एखादा झिजलेला पार्ट समोर ठेवा. उत्तर ठरलेलं असतं, “सॅम्पल ठेवून जा, संध्याकाळपर्यंत काढून देतो.” शाफ्ट असो, बुश असो नाहीतर गिअर, पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात होत नाही असं काम शोधूनच काढावं लागतं.

आता समजा, एक दिवस ओळखीतला एकजण गाळ्यावर येतो. खेडकडचा बागायतदार, स्वतःच्या नावावर लायसन्स असलेली रायफल. म्हणतो, “नेमच लागत नाहीये. नळी झिजलीय बहुतेक. तू नवीन काढून दे, बसवतो मी घरीच. यूट्यूबवर सगळं दाखवतात.”

रायफल लायसन्सची आहे, माणूस ओळखीचा आहे आणि काम म्हटलं तर एका पाइपचं. मग अडचण काय?

अडचण आहे किमान सात वर्षं तुरुंगवासाची. ती वाढून जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. आणि यात फक्त रायफलवाला नाही, तर लेथवालाही अडकतो.

हे कसं? नळी झिजते म्हणजे नेमकं काय होतं? परदेशात लोक घरी बदलतात ते खरं की खोटं? आणि ज्याची नळी खरंच गेलीय, त्याने करायचं काय? एकेक करून बघू.

नळी झिजते म्हणजे काय होतं?

रायफलची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्या आतल्या भिंतीवर गोल फिरत जाणाऱ्या खाचा असतात. या खाचांना ‘रायफलिंग’ म्हणतात आणि त्यावरूनच ‘रायफल’ हे नाव पडलं. गोळी या खाचांमध्ये घट्ट दाबली जाते आणि स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते. भोवरा फिरत असेपर्यंत पडत नाही, तसंच फिरणारी गोळीही हवेत डगमगत नाही.

या खाचा स्क्रूच्या आट्यांसारख्या दाट नसतात. नेमबाजीत वापरल्या जाणाऱ्या पॉइंट २२ रायफलमध्ये साधारण ४० सेंटिमीटरला एक पूर्ण वळण असतं. म्हणजे अख्ख्या नळीत गोळी जेमतेम दीड वळसा घेते.

आता ही नळी झिजते कशाने? बहुतेकांना वाटतं गोळी घासून. तेही होतं, पण मुख्य गुन्हेगार आहे उष्णता.

गोळी सुटते तेव्हा मोठ्या रायफलच्या चेंबरमध्ये जळणाऱ्या दारूचं तापमान २५०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जातं. स्टील साधारण १५०० अंशाला वितळतं. दाब ४००० बारच्या घरात असू शकतो. तुमच्या कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, म्हणजे त्याच्या दीड हजार पटींहून जास्त.

मग नळी वितळत का नाही? कारण हे सगळं एक-दोन मिलिसेकंदांत उरकतं. स्टीलला पूर्ण तापायला वेळच मिळत नाही. पण आतला अगदी पातळ थर दरवेळी भाजतो आणि लगेच थंड होतो. असं हजारो वेळा झालं की त्या पृष्ठभागावर बारीक बारीक चिरा पडतात. मे महिन्यात कोरडं पडलेलं तळं कसं भेगाळलेलं दिसतं, झिजलेल्या नळीचा आतला भाग मोठा करून पाहिला तर तसाच दिसतो. पुढचा प्रत्येक बार त्या भेगांमधले कण ओरबाडून नेतो.

ही झीज सगळीकडे सारखी नसते. काडतूस जिथे बसतं त्या चेंबरच्या लगेच पुढे, खाचा जिथे सुरू होतात, तिथे ती सगळ्यात जास्त असते. तिथली कड गेली की गोळी खाचेत सरळ शिरत नाही आणि नेम पसरायला लागतो.

किती गोळ्यांनंतर नळी जाते?

हे पूर्णपणे रायफलवर अवलंबून असतं.

एअर रायफलमध्ये दारूच नसते, दाबलेल्या हवेवर शिशाचा छर्रा जातो. त्यामुळे तिची नळी व्यवस्थित ठेवली तर उष्णतेने झिजण्याचा प्रश्नच नाही. पॉइंट २२ मध्ये दारू थोडी, दाब कमी आणि गोळी मऊ शिशाची. तिची नळी हजारोंच्या हजारो गोळ्या सहज झेलते. मोठ्या बोअरच्या रायफलचा नेमाचा काळ साधारण काही हजार गोळ्यांचा असतो. अतिवेगवान काडतुसांच्या रायफली हजार-दोन हजार गोळ्यांतच हात टेकतात.

एक गंमतशीर हिशेब करून बघा. एखाद्या रायफलची नळी पाच हजार गोळ्यांनंतर गेली आणि प्रत्येक गोळी नळीत दीड मिलिसेकंद राहिली, तर त्या नळीचं कामाचं एकूण आयुष्य होतं फक्त साडेसात सेकंद.

तोफांमध्ये तर हा प्रकार आणखी टोकाला जातो. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली जर्मनीने जवळपास १२० किलोमीटरवरून पॅरिसवर मारा करणारी ‘पॅरिस गन’ आणली. प्रत्येक गोळ्यागणिक तिची नळी इतकी झिजायची की गोळ्यांना क्रमांक दिलेले असत आणि पुढचा प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड बनवलेला असे. साठेक गोळ्या झाल्या की नळी काढून पुन्हा मोठ्या मापात बोअर करावी लागे.

आणि हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या संस्थेने विकसित केलेल्या ‘एटॅग्स’ तोफेचं वर्णन ‘१५५ मिमी, ५२ कॅलिबर’ असं करतात. त्याचा अर्थ नळीची लांबी व्यासाच्या ५२ पट, म्हणजे आठ मीटरपेक्षा थोडी जास्त. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला आणि त्यातली एक कंपनी आहे पुण्याचीच भारत फोर्ज. इतक्या लांब नळीला आतून सरळ, एकसारखं आणि टिकाऊ ठेवणं हे या तोफेतलं एक मोठं तांत्रिक आव्हान असतं.

मग नळी बदलण्यात अवघड काय आहे?

चाकणच्या कुठल्याही कंपनीत क्वालिटीला काम करणाऱ्याला ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज माहीत असतो. एक गेज आत गेलाच पाहिजे, दुसरा आत जाता कामा नये. दोन्ही बरोबर तरच जॉब पास.

रायफलच्या नळीलाही अगदी असेच गेज असतात. काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर त्याच्या मागे बोल्ट बंद होतो. काडतूस आणि बोल्ट यांच्यामध्ये किती जागा उरते, याला ‘हेडस्पेस’ म्हणतात. हे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजलं जातं.

जागा कमी पडली तर बोल्ट नीट लागत नाही. जागा जास्त झाली तर काडतुसाचं पितळी कवच मागे ताणलं जातं आणि फाटू शकतं. ते फाटलं की चार हजार बारचा वायू पुढे जायच्या ऐवजी मागे येतो. आणि मागे काय असतं? नेम धरून बसलेल्या माणसाचा डोळा, गाल आणि हात.

गाडीचा पार्ट रिजेक्ट झाला तर लाइन थांबते, फार तर लॉट परत येतो. इथे रिजेक्शन थेट चेहऱ्यावर होतं.

म्हणूनच शस्त्रांच्या कारखान्यात नवी नळी बसवल्यावर ‘प्रूफ टेस्ट’ करतात. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं खास काडतूस वापरून, माणूस सुरक्षित अंतरावर ठेवून बार काढतात, मग नळी तपासतात आणि तिच्यावर शिक्का मारतात. त्या छोट्या शिक्क्याचा अर्थ, ‘ही नळी जास्तीचा दाब सोसून आलेली आहे’. गाळ्यात बनवलेल्या नळीवर हा शिक्का नसतो. बाहेरून ती कितीही चकचकीत दिसली तरी पहिली चाचणी वापरणाऱ्याच्याच हातात होणार असते.

नळीचं स्टील, त्याची हीट ट्रीटमेंट, गोळीच्या व्यासाच्या शंभरपट लांबीचं सरळ भोक आणि त्यातल्या खाचा, हे सगळं वेगळंच. भारतात हे काम ईशापूर, कानपूर, तिरुचिरापल्ली इथल्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आपल्या खडकीचा १८६९ पासूनचा कारखाना दारूगोळ्याचा. म्हणजे गोळी पुण्याची असू शकते, पण नळी बहुधा दुसरीकडून आलेली असते.

यूट्यूबवर दिसतं ते खोटं आहे का?

खोटं नाही. पण ते अमेरिकेतलं आहे.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे मुख्यतः रायफलचा मधला सांगाडा, ज्यावर नंबर असतो. नळी हा तिथे साधा सुटा भाग मानला जातो. ती दुकानात मिळते, कुरिअरने घरी येते. काही रायफलींची रचनाच अशी आहे की मालक स्वतः नळी बदलू शकतो. त्यामुळे तिथे गॅरेजमध्ये नळी बदलण्याचे व्हिडिओ निघतात.

पण सगळं जग तसं नाही. ब्रिटनमध्ये नळी हा नियंत्रित भाग आहे आणि प्रूफशिवाय ती विकता येत नाही. युरोपीय संघातही नळीला शस्त्राचा ‘अत्यावश्यक भाग’ मानतात.

आणि भारतात? शस्त्र अधिनियम १९५९ मधली ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्याच शस्त्रांचे भाग आणि शस्त्रं बनवण्याची यंत्रसामग्री यांना कवेत घेते. म्हणजे सुटी नळी हे कायद्याच्या नजरेत लोखंडी पाइप नाही. ती परदेशी वेबसाइटवरून मागवली, तर त्याला शस्त्राची आयात म्हणतात आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

कायदा नेमकं काय सांगतो?

चार कलमं लक्षात ठेवली तरी पुरे.

कलम ५: परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं किंवा त्याची चाचणी घेणं याला मनाई आहे. इथे ‘दुरुस्त करणं’ हा शब्द महत्त्वाचा. रायफल बाळगायचं लायसन्स आणि रायफल दुरुस्त करायचं लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हिंग लायसन्स आहे म्हणून गाडीचा कारखाना काढता येत नाही, तसंच.

कलम ६: नळी आखूड करणं किंवा एका प्रकारच्या शस्त्राचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणं, यासाठीही परवाना हवा. नळीच्या लांबीला कायद्यात किती महत्त्व आहे हे दुसऱ्या एका तरतुदीवरून कळतं. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचं लायसन्स देताना ती नळी किमान २० इंच असावी, असं कलम १३ मध्येच लिहिलंय.

कलम ८: शस्त्रावरचा ओळख क्रमांक खोडणं, बदलणं किंवा खोटा टाकणं हा गुन्हा आहे. काही शस्त्रांवर हा क्रमांक नळीवरही असतो. नळी बदलली की कागदावरचं शस्त्र आणि हातातलं शस्त्र जुळेनासं होतं.

कलम २५: शिक्षा. डिसेंबर २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. विनापरवाना शस्त्र बनवणं किंवा दुरुस्त करणं, तसंच नळी आखूड करणं यासाठी आधी किमान तीन वर्षांची शिक्षा होती. ती किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप झाली. सोबत दंडही. त्याच दुरुस्तीत एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मर्यादा आली आणि लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

लेथवाला यात कसा अडकतो?

कायदा इतका कडक करण्यामागे कारण आहे. जळगावच्या हद्दीला लागून, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचं गाव आहे. पुणे, पिंपरी-चिंचवडमध्ये पकडल्या जाणाऱ्या गावठी पिस्तुलांचा माग काढत पोलिस अनेकदा तिथपर्यंत गेलेत. ‘आर्म्स अ‍ॅक्ट ३, २५’ हे आकडे इथल्या पोलिस ठाण्यांच्या बातम्यांमध्ये नेहमीचेच. अशा हत्यारांमध्ये सगळ्यात अवघड भाग असतो तो नळीचा. त्यामुळे नळी बनवून देणारा माणूस तपास यंत्रणेच्या दृष्टीने ‘जॉबवर्कवाला’ नसतो, तर शस्त्र बनवणारा असतो.

“मला काय माहीत ते कशासाठी हवं होतं,” हे उत्तर चेंबर आणि खाचा असलेल्या नळीबाबत टिकणं कठीण. तसा पार्ट दुसऱ्या कशातच बसत नाही.

याचा अर्थ संरक्षण क्षेत्राचं काम करूच नये, असा अजिबात नाही. २००१ पासून हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं आहे आणि पुणे परिसरातल्या अनेक वर्कशॉप्सना त्यातून काम मिळतं. फरक कागदाचा आहे. लायसन्स असलेल्या कंपनीची ऑर्डर, ड्रॉइंग, चलन, तपासणीची नोंद हे सगळं असतं. ओळखीच्या माणसाने पिशवीतून आणलेल्या सॅम्पलला यातलं काहीच नसतं. शंका आली तर काम घेण्याआधी आपल्याला स्वतःचा परवाना लागतो का, हे विचारून घेतलेलं बरं.

नेमबाज काय करतात?

वाकडहून मुळा नदी ओलांडली की बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल लागतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलातल्या शूटिंग रेंजवर राज्यभरातली मुलं सराव करतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, त्या प्रकारात पॉइंट २२ चीच रायफल असते. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. तिथे नळीतला सूक्ष्म दोषसुद्धा गुणांत दिसतो.

तरीही नेमबाज नेम बिघडला म्हणून लगेच नळीला दोष देत नाहीत. आधी साफसफाई बघतात, मग साइट किंवा दुर्बीण सैल झालीय का ते, मग काडतुसांचा लॉट. बऱ्याचदा ‘झिजलेली’ वाटणारी नळी खरं तर आतून शिसं, तांबं आणि काजळी साचून भरलेली असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक शत्रू येतो, तो म्हणजे गंज. कपाटात चार महिने तशीच पडलेली रायफल गोळी न झाडताही खराब होते.

मग लायसन्सधारकाने करायचं काय?

पहिलं, साफसफाई. रिकामी असल्याची दोनदा खात्री करून आपलं शस्त्र पुसणं, तेल लावणं हे मालकाचं नेहमीचं काम. त्याच्या पुढे जायचं नाही.

दुसरं, साफ करूनही नेम पसरत असेल, काडतुसाचं कवच फाटून किंवा फुगून निघत असेल, तर शस्त्र वापरणं त्याच क्षणी थांबवायचं.

तिसरं, दुरुस्तीचा परवाना असलेल्या डीलरकडे किंवा गनस्मिथकडे मूळ लायसन्ससह न्यायचं. त्याचा परवाना मागून बघायला लाजू नका. शस्त्र ठेवून घेतलं तर पावती घ्या. मालक आजारी असेल तर कायद्यात एक सोय आहे. लायसन्सधारकाच्या लेखी परवानगीने दुसरी व्यक्ती शस्त्र दुरुस्तीसाठी नेऊ शकते. लेखी, तोंडी नाही.

चौथं, नळी बदलायची ठरलीच तर आधी परवाना प्राधिकरणाला विचारा, कारण लायसन्सवर शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक लिहिलेला असतो. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलिस आयुक्तालय आहे आणि चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगावही त्याच हद्दीत येतात. तिथल्या लोकांना आयुक्तालयात जावं लागतं, तर ग्रामीण भागातल्यांना जिल्हाधिकारी कार्यालयात.

पाचवं, आणि हे बहुतेक जण विसरतात. काढलेली जुनी नळी भंगारात द्यायची नाही. ती झिजली तरी शस्त्राचा भागच आहे. तिची विल्हेवाट डीलरमार्फत, नोंद करूनच लावायची. रायफल दुरुस्तीच्या पलीकडे गेली असेल, तर ती रीतसर जमा करून लायसन्सवरून कमी करून घेता येते.

एअरगनचं काय, असा प्रश्न येतोच. २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या आणि ४.५ मिमी बोअरच्या एअरगनला लायसन्सची अट नाही. पण तिची ताकद किंवा बोअर वाढवायचे उद्योग केले की ती त्या सवलतीबाहेर जाते.

तर भोसरीच्या त्या गाळ्यात परत येऊ. बागायतदाराला नळी हवीय आणि लेथवाल्याला काम येतं, ही दोन्ही गोष्टी खऱ्या. पण त्याला उत्तर एकच, “हे आपल्याकडे होत नाही, लायसन्सवाल्या गनस्मिथकडे जा.” असं सांगितल्याने एक गिऱ्हाईक कदाचित नाराज होईल. पण त्याचा डोळा शाबूत राहील आणि गाळ्याचं शटर उद्या सकाळी नेहमीसारखं उघडेल.